विस्मरणाची खूण रक्तात सापडेल काय?

अहवाल वर्षात आमच्या एका ज्येष्ठ देणगीदारांनी न्यासाकडे एक प्रस्ताव आणला. त्यांच्या मातोश्री गेली काही वर्षे स्मृतिभ्रंशाने आजारी असून, आजार ओळखण्यास विलंब झाल्याची खंत त्यांच्या मनात आहे. ‘रक्ताच्या एका तपासणीत हा रोग आधीच कळतो असे ऐकतो. तसे यंत्र आपल्या रुग्णालयात आणावे, खर्चाचा भार मी उचलतो,’ असे त्यांनी सुचविले. या प्रस्तावामागील भावना आम्हां सर्वांना स्पर्शून गेली. तथापि विश्वस्त मंडळ आणि वैद्यकीय विभाग यांनी साधकबाधक विचार केल्यानंतर, या रकमेचा विनियोग काहीशा वेगळ्या रीतीने करावा अशी विनंती आम्ही त्यांना केली व त्यांनी ती मोठ्या मनाने मान्य केली.

ही विनंती आम्ही का केली, हे सर्व देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांना समजावे, हा या लेखाचा हेतू आहे. मूळ प्रश्न अगदी रास्त होता. स्मृतिभ्रंशाच्या खुणा रक्तात उमटतात, हे खरेच आहे. रक्तातील काही विकरांनी तर आजवर वेगळे मानले गेलेले दोन आजार एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, हे दाखवून दिले आहे. परंतु खूण दिसणे आणि निदान होणे या दोन भिन्न गोष्टी होत. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे आमच्या निर्णयाचे कारण स्पष्ट होईल.

दोन नावे, एकच मेंदू

आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण इतकी रूढ आहे की घरातील वडीलधारी व्यक्ती विसरू लागली तर तो वयाचाच परिणाम मानला जातो. वाढत्या वयात थोडेफार विस्मरण स्वाभाविक असते, यात शंका नाही. परंतु विळा कोठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि हाती आलेल्या विळ्याचे काय करायचे हे न उमजणे वेगळे. रोजच्या वाटेवर चुकणे, व्यवहारातील पैशांचा हिशेब न जुळणे, सुनेला किंवा नातवाला न ओळखणे, अशा गोष्टी घडू लागल्या की तो केवळ वार्धक्याचा भाग राहत नाही. स्मृतिभ्रंश हे एका रोगाचे नाव नसून अनेक रोगांतून उद्भवणारा लक्षणसमूह आहे. त्यांपैकी दोन प्रकार विशेष आढळतात.

पहिला प्रकार म्हणजे अल्झायमर्सचा आजार. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्यूबिंगेन येथील एका सभेत त्यांच्या दिवंगत रुग्ण स्त्रीच्या मेंदूचे वर्णन सादर केले. त्या मेंदूत पेशींच्या बाहेर साचलेले गाळासारखे थर आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. पुढे १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. आज आपण त्या थरांना अमायलॉइड आणि त्या धाग्यांना टाऊ या प्रथिनांच्या नावाने ओळखतो. हा आजार हळूहळू, नकळत वाढतो.

दुसरा प्रकार रक्तवाहिनीजन्य स्मृतिभ्रंशाचा. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या लहानमोठ्या वाहिन्या अरुंद झाल्या किंवा बंद पडल्या म्हणजे त्या त्या भागातील पेशी मरतात. कधी स्पष्ट पक्षाघात होतो, ज्याला आपल्या भागात लकवा म्हणतात, तर कधी कोणाच्या ध्यानातही न येणारे बारीक आघात वर्षानुवर्षे होत राहतात. अशा रुग्णाची स्थिती पुष्कळदा पायरीपायरीने खालावते. काही महिने बरे जातात आणि मग एकाएकी एक पायरी उतरल्याप्रमाणे बुद्धी मंदावते.

पाठ्यपुस्तकांत हे दोन आजार दीर्घकाळ स्वतंत्र प्रकरणांत राहिले. वास्तविक खुद्द अल्झायमर यांनी १८९४ मध्येच रक्तवाहिन्या कठीण झाल्यामुळे मेंदू क्षीण होतो याविषयी लिहिले होते. म्हणजे दोन्ही वाटा एकाच अभ्यासकाच्या नजरेसमोर होत्या. त्या वाटा कोठे मिळतात हे मात्र पुष्कळ उशिरा उलगडले. अमेरिकेतील कॅथलिक जोगिणींच्या सहकार्याने डेव्हिड स्नोडन यांनी केलेला अभ्यास या बाबतीत महत्त्वाचा ठरला. या जोगिणींनी हयातीत स्मरणशक्तीच्या चाचण्या दिल्या आणि मृत्यूनंतर मेंदू अभ्यासासाठी दान केले. १९९७ मध्ये १०२ मेंदूंच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ६१ मेंदूंत अल्झायमर्सचे बदल होते. परंतु त्यांतही ज्यांच्या मेंदूत खोलवर रक्तपुरवठा तुटल्याचे एकदोन बारीक व्रण होते, त्यांच्यातच हयातीत स्मृतिभ्रंश कितीतरी अधिक प्रमाणात दिसून आला होता. एका आजाराचे ओझे मेंदू काही काळ पेलतो, पण दुसऱ्याची भर पडताच तो वाकतो, असा त्याचा अर्थ.

आपल्या देशातील चित्रही पाहावयास हवे. मुंबईत ४० वर्षे व त्यावरील २४,४८८ व्यक्तींच्या पाहणीचा अहवाल २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६५ वर्षे व त्यावरील व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के आढळले आणि कारणांमध्ये अल्झायमर्सचा क्रमांक पहिला होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार ६० वर्षे व त्यावरील भारतीयांत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख इतके आहे. दोन्ही अभ्यासांच्या पद्धती व वयोगट भिन्न असल्याने त्यांची थेट तुलना करता येत नाही. मात्र दुसऱ्या अभ्यासातील एक नोंद आमच्यासारख्या ग्रामीण रुग्णालयाने विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे: स्मृतिभ्रंशाचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले.

पाट आणि बांधी

आपला जिल्हा तलावांचा व धानाचा. माजी मालगुजारी तलावातून निघालेले पाणी पाटाने बांधीपर्यंत पोहोचते, हे येथील प्रत्येक शेतकरी जाणतो. पाटात गाळ साचला की शेवटच्या बांधीतील धान प्रथम सुकते. मेंदूचे असेच आहे. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा एकटाच वापरतो. त्यामुळे रक्तपुरवठ्यातील लहानशी उणीवही त्याला सोसवत नाही.

परंतु पाणी येण्यास जशी वाट हवी, तशी निचऱ्यासही हवी. बांधीत पाणी नुसते कोंडून राहिले तर पीक कुजते. मेंदूत दररोज तयार होणाऱ्या अमायलॉइडचा काही भाग रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून व त्यांच्या कडेकडेने बाहेर वाहून नेला जातो. वाहिन्याच निकामी झाल्या तर पुरवठा घटतो आणि निचराही मंदावतो. पुष्कळ रुग्णांत अमायलॉइड खुद्द वाहिन्यांच्या भिंतींतच साचते, त्यामुळे त्या ठिसूळ होतात. अशा रीतीने एक आजार दुसऱ्याला बळ देतो.

या देवाणघेवाणीत विकरांची भूमिका मध्यवर्ती आहे. विकर किंवा एन्झाइम म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया जलद घडवून आणणारे प्रथिन. भाताचा घास बराच वेळ चावला की तो गोड लागू लागतो, कारण लाळेतील विकर पिठूळ पदार्थाची साखर करते. अशी हजारो विकरे शरीरात अखंड काम करीत असतात. काही जोडतात, काही तोडतात.

मेंदूतील बीटा-सिक्रेटेज नावाचे विकर एका लांब प्रथिनाला विशिष्ट जागी कापते. अमायलॉइड तयार होण्याची ती पहिली पायरी होय. प्राणवायूचा पुरवठा कमी पडला की या विकराची निर्मिती वाढते, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. पाट आटला की अमायलॉइडचा गाळ वाढतो, हे येथे रासायनिक पातळीवर दिसले. दुसरे उदाहरण मधुमेहाशी निगडित आहे. इन्सुलिनचे काम संपल्यावर त्याचे तुकडे करणारे एक विकर अमायलॉइडचेही तुकडे करते. रक्तात इन्सुलिनचे प्रमाण दीर्घकाळ चढे राहिले तर हे विकर त्यातच गुंतून पडते आणि अमायलॉइडकडे दुर्लक्ष होते, अशी शास्त्रज्ञांची अटकळ आहे. मधुमेह रक्तवाहिन्यांचे नुकसान करतो हे सर्वांना ठाऊक होतेच. तो दोन्ही आजारांच्या वाटेवर का भेटतो, याचे एक संभाव्य कारण यावरून कळते.

रक्तातील साक्षीदार

मेंदूतील विकरे पाहण्यासाठी मेंदू उघडता येत नाही. म्हणून रक्तात फिरणारी विकरे साक्षीदार म्हणून उपयोगी पडतील काय, असा प्रश्न संशोधकांनी विचारला.

यांतील एका विकराशी ग्रामीण रुग्णालयांचा जुना परिचय आहे. धानावरील खोडकिडा व तुडतुडे यांच्यासाठी फवारणी सुरू झाली की विषबाधेचे रुग्ण येतात. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाची शंका असल्यास रक्तातील कोलिनेस्टरेज तपासतात, कारण ते विष या विकराला निकामी करते. त्याच कुळातील विकर मेंदूत अॅसिटिलकोलीन या रासायनिक निरोप्याचे विघटन करते. अल्झायमर्समध्ये हा निरोप्या आधीच कमी झालेला असतो. म्हणून १९९० च्या दशकापासून डोनेपेझिलसारखी औषधे मोजक्या मात्रेत देऊन या विकराला आवर घातला जातो, म्हणजे उरलासुरला निरोप्या अधिक काळ टिकतो. या औषधांनी रोग बरा होत नाही, परंतु काही रुग्णांचे दैनंदिन व्यवहार काही काळ सुकर होतात. विषबाधेत जे विकर बंद पडणे जिवावर बेतते, त्यालाच येथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे मंद केले जाते. मात्र रक्तातील कोलिनेस्टरेज मोजून स्मृतिभ्रंशाचे निदान होत नाही, हेही येथेच सांगावयास हवे.

दोन्ही आजारांना जोडणारा पूल म्हणून ज्यांचा विशेष अभ्यास झाला, ती दोन विकरे रक्तातील चरबी वाहून नेणाऱ्या कणांवर स्वार होऊन फिरतात. पहिले लायपोप्रोटीन-संलग्न फॉस्फोलायपेज ए-२. याचा बराचसा भाग आपण ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो त्या एलडीएल कणांवर असतो. खराब झालेल्या चरबीचे ते तुकडे करते आणि त्या तुकड्यांमुळे वाहिनीच्या भिंतीत दाह वाढतो. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथील प्रदीर्घ अभ्यासात, ज्यांच्या रक्तात या विकराची क्रिया अधिक होती त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक दिसला, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयविकाराची खूण मानले गेलेले विकर विस्मरणाच्या दारातही उभे आढळले, ही त्यातील विशेष गोष्ट. मात्र पुढील सर्वच अभ्यासांत हा संबंध तितक्या ठामपणे दिसला नाही.

दुसरे विकर पॅराऑक्सोनेज-१. हे चांगल्या कोलेस्टेरॉलच्या, म्हणजे एचडीएलच्या कणांवर असते व चरबीला खराब होण्यापासून वाचविते. याच्या नावातही शेतीच्या विषाचा संदर्भ आहे. पॅराथिऑन या जुन्या कीटकनाशकापासून शरीरात तयार होणाऱ्या पॅराऑक्सॉन या घातक द्रव्याचे ते विघटन करते, म्हणून हे नाव पडले. इटलीतील फेरारा येथील संशोधकांना स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत या विकराची क्रिया निरोगी वृद्धांच्या तुलनेत कमी आढळली. पहिले विकर वाढणे आणि दुसरे घटणे, या दोन्हींचा अर्थ एकच: रक्तवाहिन्यांचे संरक्षण ढासळत आहे.

पुण्याने दिलेला धडा

आपल्या आहाराशी ज्याचा थेट संबंध आहे, असा दुवा मात्र महाराष्ट्रातच अभ्यासला गेला. होमोसिस्टीन हे स्वतः विकर नव्हे, पण एका विकराची उपासमार झाल्याची ती खूण आहे. शरीरात तयार होणाऱ्या होमोसिस्टीनचे उपयुक्त द्रव्यात रूपांतर करणाऱ्या विकराला बी-१२ जीवनसत्त्व व फोलेट लागते. त्यांची उणीव झाली की विकराचे काम अडते आणि होमोसिस्टीन रक्तात साचते. ते वाढलेले असणे रक्तवाहिन्यांच्या व मेंदूच्या, दोन्ही विकारांशी निगडित आहे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील १,०९२ व्यक्तींच्या अभ्यासात, रक्तात लिटरमागे १४ मायक्रोमोलपेक्षा अधिक होमोसिस्टीन असणाऱ्यांना अल्झायमर्सचा धोका जवळजवळ दुप्पट असल्याचे २००२ मध्ये आढळले.

पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे व परिसरातील ग्रामीण, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गीय अशा ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी होते आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेले होते. शहरी मध्यमवर्गीयांत तर ही उणीव ८१ टक्क्यांपर्यंत होती. म्हणजे परदेशांत धोक्याची मानली गेलेली पातळी आपल्याकडे बहुसंख्यांची होती. बी-१२ नैसर्गिक रूपात दूध, अंडी, मासे, मांस अशा प्राणिज आहारातूनच मिळते. माळकरी व शाकाहारी कुटुंबांत आणि गरिबीमुळे दूधही परवडत नाही अशा घरांत त्याची उणीव सहज संभवते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांतही ते कमी होऊ शकते.

या उणिवेवर उपचार केल्यास काय साधते? ऑक्सफर्ड येथे सौम्य विस्मरण असलेल्या ७० वर्षांवरील व्यक्तींना दोन वर्षे ब-जीवनसत्त्वे देण्यात आली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्यांचे होमोसिस्टीन वाढलेले होते त्यांचा मेंदू आक्रसण्याचा वेग स्पष्टपणे मंदावला. परंतु सर्वसाधारण वृद्धांवरील मोठ्या चाचण्यांत अशा गोळ्यांनी स्मरणशक्ती टिकल्याचे दिसले नाही. यावरून उणीव असेल तर ती भरून काढावी, नसेल तर गोळ्यांच्या मागे लागू नये, इतका बोध घेता येतो. बी-१२ ची तीव्र उणीव स्वतःच विस्मरणाचे कारण ठरू शकते आणि वेळीच उपचार झाले तर ते बरेच सुधारते, म्हणून ही तपासणी कधीही टाळू नये.

खूण म्हणजे निदान नव्हे

आता मूळ प्रस्तावाकडे वळू. वरील विकरे मोजणारे यंत्र आणले असते तर काय झाले असते? शेकडो लोकांच्या दोन गटांची सरासरी वेगळी निघणे ही संशोधनातील मोलाची गोष्ट होय. परंतु समोर बसलेल्या एका आजीबाईंच्या अहवालातील आकड्यावरून त्यांना कोणता आजार आहे, किंवा पुढे होईल काय, हे त्यावरून सांगता येत नाही. निरोगी आणि आजारी यांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. यकृताचा आजार, जंतुसंसर्ग, तंबाखू व चालू औषधे यांनीही काही विकरांचे प्रमाण बदलते.

शिवाय वाढलेले विकर खाली आणले म्हणजे आजार टळतो, असेही नाही. फॉस्फोलायपेज ए-२ ला अडविणाऱ्या डाराप्लॅडिब या औषधाच्या हृदयरोग्यांवरील दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. अपेक्षित लाभ दिसला नाही. बीटा-सिक्रेटेज अडविणाऱ्या अनेक औषधांच्या चाचण्या २०१७ ते २०१९ या काळात थांबवाव्या लागल्या, कारण उपयोग झाला नाहीच, उलट काही औषधांनी रुग्णांची बौद्धिक क्षमता अधिक खालावली. धूर दिसतो म्हणून धूरच पुसून आग विझत नाही.

याच काळात रक्ततपासणीचे क्षेत्र पुढेही गेले आहे, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. टाऊ प्रथिनावर विकरांनी बसविलेली फॉस्फेटची विशिष्ट मोहोर रक्तात मोजून मेंदूत अमायलॉइड साचले आहे काय याचा चांगला अंदाज घेता येतो. अशा एका तपासणीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये परवानगी दिली. परंतु ती ५५ वर्षे व त्यावरील, लक्षणे असलेल्या आणि तज्ज्ञांकडे उपचारार्थ आलेल्या रुग्णांसाठी आहे, निरोगी माणसांच्या चाळणीसाठी नव्हे. मूत्रपिंडाच्या विकारात तिचा आकडा खोटा वाढू शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रक्तवाहिन्यांनी किती नुकसान केले आहे, हे ती सांगत नाही.

आपल्या शेजारीही प्रयत्न चालू आहेत, याचा आम्हांस अभिमान वाटतो. नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस येथील संशोधकांनी पक्षाघाताच्या रुग्णांच्या रक्तात घटणारे आणि प्रकृती सुधारताना पुन्हा दिसू लागणारे एक प्रथिन २००९ मध्ये नोंदविले. विकरांना आवर घालणाऱ्या प्रथिनांच्या कुळातील ते आहे. असे संशोधन पुढे जावे, परंतु ते रुग्णसेवेत येण्यापूर्वी कसोटीला उतरावे, हीच आमची भूमिका आहे.

निधीचा विनियोग

मग रक्तातील खुणांनी आम्हांला काहीच दिले नाही काय? आमच्या मते त्यांनी सर्वांत मोलाची गोष्ट दिली. अल्झायमर्सच्या वाटेवरही रक्तवाहिन्या उभ्या आहेत, हे त्यांनी दाखविले आणि रक्तवाहिन्यांसाठी पुष्कळ काही करता येते. युरोपातील वृद्धांवरील एका चाचणीत रक्तदाबावर उपचार केल्याने स्मृतिभ्रंशाचे प्रमाण हजार रुग्णवर्षांमागे ७.७ वरून ३.८ वर आले, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णसंख्या लहान होती, तरी टळलेल्यांत अल्झायमर्सचेही रुग्ण होते, ही लक्षणीय बाब. अमेरिकेतील २०१९ च्या मोठ्या चाचणीत रक्तदाब अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्याने सौम्य विस्मरणाचे प्रमाण घटले, मात्र स्मृतिभ्रंशातील घट निर्विवाद ठरली नाही. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली असून, ती सर्व दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल असा अंदाज वर्तविला आहे. त्यांत रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल व धूम्रपान यांबरोबर कमी ऐकू येणे, कमी दिसणे आणि एकटेपणा यांचाही समावेश आहे.

म्हणून उपरोक्त देणगीचा विनियोग पुढीलप्रमाणे करण्याचे ठरले. विस्मरणाची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक गरजू वृद्धाचा रक्तदाब, साखर, रक्तक्षय, थायरॉइड व बी-१२ यांची तपासणी विनामूल्य व्हावी. स्मरणशक्तीच्या साध्या प्रश्नावलीने त्यांची मराठीतून, सावकाश चाचणी घ्यावी. ऐकण्याची व दृष्टीची तपासणी त्याच दिवशी उरकावी. गरज असेल तेव्हाच मेंदूच्या चित्रणासाठी व मेंदूविकारतज्ज्ञांकडे नागपूरला पाठवावे आणि त्या प्रवासाचा व तपासणीचा भार गरीब कुटुंबावर पडू नये. एका यंत्राच्या किमतीत अशा किती घरांना आधार मिळेल, याचा विचार सुज्ञ वाचकांनीच करावा.

रुग्णांच्या कुटुंबीयांना आमची नम्र विनंती आहे. आपल्या घरातील वडीलधारी व्यक्ती विसरू लागली असेल तर म्हणीवर विसंबून घरी बसू नये. येताना चालू असलेल्या सर्व गोळ्या आणाव्यात, कारण झोपेच्या व अन्य काही औषधांनीही विस्मरण होते. वृद्ध व्यक्ती पडली असेल, डोक्यास लहानसा मार लागला असेल, तर तो आवर्जून सांगावा. एकाएकी बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले वा हातपाय लुळा पडला तर एक घटकाही न दवडता रुग्णालय गाठावे. रक्तदाबाची गोळी बरे वाटते म्हणून परस्पर बंद करू नये. तंबाखू व खर्रा सोडावा. आणि रक्ताच्या महागड्या तपासण्यांचा संच करून घेण्यापूर्वी, त्याच्या उत्तराने उपचारात काय फरक पडेल, एवढा प्रश्न डॉक्टरांना निःसंकोच विचारावा.

आमच्या देणगीदारांच्या मातोश्रींचीही याच क्रमाने तपासणी झाली. त्यांचा आजार मागे फिरणारा नाही, हे त्यांच्या कुटुंबाला आम्ही स्पष्टपणे सांगितले. परंतु अनेक वर्षे चढा राहिलेला रक्तदाब आता आटोक्यात आहे, बी-१२ ची उणीव भरून निघाली आहे आणि कानास यंत्र बसविल्यापासून त्या पुन्हा सायंकाळच्या हरिपाठात बसू लागल्या आहेत. चिरंजीवांचे नाव त्यांना दररोज आठवतेच असे नाही. ते जवळ येऊन बसले की त्या सरकून जागा करून देतात, असे चिरंजीवांनी आम्हांला सांगितले.